मफलरची किंमत कोण ठरवतं? लोकर, वारसा आणि ब्रँड : एक वर्गपाठ



नववीच्या भूगोलात ‘व्यापार’ हा पाठ आहे. तो शिकवून झाला की मी मुलांना गटात एक काम देते. एक वस्तू निवडा, तिचा ब्रँड तयार करा, नाव, चित्र, किंमत सगळं ठरवा आणि वर्गापुढे मांडा. दरवर्षी चॉकलेट, शूज आणि मोबाईलची कव्हरं ठरलेली असतात. या वेळी एका गटाने लोकरीचे मफलर आणि कानटोप्या आणल्या. वसईच्या दमट हवेत कानटोपी कोण घालणार, म्हणून आधी वर्ग हसला. पण मुलींनी तयारी पक्की केली होती. त्यांनी इंटरनेटवर युक्रेनमधल्या महागड्या विणलेल्या टोप्या आणि स्कार्फ बघितले होते. तिथले ब्रँड आजीच्या गावातले नक्षीकाम, जुने रंग, डोंगरातली लोकर असं सांगून माल विकतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी विचार केला, आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे घोंगडी आहे! पोस्टरवर फेटा बांधलेला, खांद्यावर काळी घोंगडी घेतलेला धनगर काढला, खाली किंमत लिहिली 4,999 रुपये. मला फार आवडलं. मी त्यांना पहिला नंबर दिला.

तास संपल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याचे वडील इकडे वालीवला कारखान्यात कामाला, घर एव्हरशाईन सिटीच्या पलीकडे चाळीत, मूळ गाव सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात. तो म्हणाला, “बाई, आमचे आजोबा लोकर बांधावर टाकून देतात. कोण घेतच नाही. मग हे 4,999 कुणाला मिळणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच हजार रुपयांचं चित्र ज्याच्या आजोबांचं, त्याला गटात कुणी घेतलं नव्हतं आणि मीही त्याला विचारलं नव्हतं. म्हणून पुढचे चार तास आम्ही हाच प्रश्न घेऊन बसलो. तो पाठ इथे देते आहे. तुमच्या वर्गात वापरा, घरी मुलांशी बोलताना वापरा.

आधी शब्दापासून सुरुवात केली. मराठीत घोंगडीही ‘विणतात’ आणि स्वेटरही ‘विणतात’. पण दोन्ही कामं अगदी वेगळी. घोंगडी मागावर विणतात, तिथे उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांतून खाली-वर जातो. स्वेटर, मफलर सुयांवर विणतात, एकच धागा सुलट-उलट टाक्यांनी स्वतःतच गुंतत जातो, म्हणून तो ताणला जातो आणि सुटला की सगळा उसवतो. वर्गात सुती रुमालाचा तुकडा आणि जुना स्वेटर दोन्ही हातात देऊन ताणायला सांगा. दोन मिनिटांत मुलांना कळतं.

मग लोकर. आपल्या पठारावरची दख्खनी मेंढी काटक, दुष्काळात टिकणारी, मैलोन्मैल चालणारी. तिची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात आणि वर्षभरात एका मेंढीची लोकर अर्धा-पाऊण किलोच्या आसपास भरते. धुऊन, पिंजून घेतली की त्यातलं वजन आणखी घटतं. म्हणजे एका मेंढीच्या वर्षभराच्या लोकरीत एखाद-दुसरा मफलर. हे ऐकून पोस्टरवाल्या गटाने पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहून घेतलं.

ही लोकर टोचते. का टोचते, हे विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. केसाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काश्मीरचा पश्मिना 12 ते 16 मायक्रॉनचा, कपड्यांसाठीची मेरिनो साधारण 17 ते 24 ची. 30 च्या वर गेलं की केसाची टोकं वाकत नाहीत आणि कातडीला बोचतात. दख्खनी लोकर त्या रेषेच्या पलीकडची. तेव्हा तिचा मफलर करून गळ्यात घालायचा हा बेतच चुकीचा होता! ब्रँड काढायचा तर आधी माल ओळखायला हवा. याच जाड लोकरीचे गुण वेगळे आहेत. ती चिवट असते, पटकन पेट घेत नाही, आणि स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही. मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो ते काही फॅशन म्हणून नाही. मुलांनी मग स्वतःच सुचवलं की मफलरऐवजी पिशवी, पट्टा, लॅपटॉपचं कव्हर, बसायचं आसन करू.

घोंगडी तयार कशी होते, हे त्या मुलाने आजोबांना फोन करून विचारलं आणि वर्गात सांगितलं. लोकर पिंजायची, बायकांनी सूत कातायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो ताठ करायचा, मग खड्ड्यातल्या मागावर विणायचं. विणणारे बहुतेक सणगर किंवा खुटेकर धनगर. मेंढ्या राखणारा वेगळा, कातणारी वेगळी, विणणारा वेगळा. चिंचोक्याची खळ म्हटल्यावर अर्ध्या वर्गाला चिंचोका म्हणजे काय हे माहीत नव्हतं. सोसायटीच्या आवारात चिंचेचं झाड असूनही! असो.

आता मुख्य प्रश्न. एवढी उपयोगी वस्तू, तर लोकर बांधावर का टाकतात? कारण स्वस्त चादरी आल्या. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून आणि कृत्रिम धाग्यांपासून ब्लँकेटं बनतात, त्यांच्या किमतीपुढे हाताची घोंगडी टिकत नाही. लोकर विकून जे मिळतं त्यापेक्षा कातरणाऱ्याची मजुरी जास्त होते. पैसा आता मांसात आहे. म्हणून मेंढपाळ जड वाढणाऱ्या, अंगावर लोकर फारशी नसलेल्या मडग्याळ मेंढ्यांकडे वळतात. मडग्याळ हे गाव जत तालुक्यातलंच. आमचा विद्यार्थी लगेच म्हणाला, “आमच्याकडे पण त्याच आहेत आता.” ब्रँड काढायला उशीर झाला तर वारसा पोस्टरवर राहील आणि लोकर देणारी मेंढीच राहणार नाही, हे मुलांना यातून जेवढं कळलं तेवढं माझ्या सांगण्याने कळलं नसतं.

मग आम्ही युक्रेनकडे परत गेलो, कारण मुलींची सुरुवात तिथून झाली होती. तिथल्या कार्पेथियन डोंगरात हुत्सुल लोक राहतात, मेंढपाळीवर जगत आलेले. त्यांच्या याव्होरिव्ह गावात ‘लिझ्निक’ नावाचं जाड लोकरी पांघरूण विणतात. विणून झालं की ते लाकडी टाक्यात, डोंगरातल्या ओढ्याच्या पडत्या धारेखाली तासन्‌तास घुसळत ठेवतात. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड दाट, मऊ होतं. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगाव भागात लोकर न विणता नुसती दाबून ‘जेन’ करतात, तिथेही खवल्यांचीच करामत. वर्गात करून बघा : चिमूटभर लोकर, कोमट पाणी, थोडा साबण, तळहातावर दहा मिनिटं गोल फिरवायची. घट्ट गोळी होते. आमच्या वर्गात गोळ्यांचा पाऊस पडला!

युक्रेनमध्ये अशा वस्तूंना आज मान आहे, त्यामागे नुसती जाहिरात नाही. त्यांचा भरतकामाचा सदरा, विशिवांका, घालायचा एक दिवस असतो, मे महिन्यातला तिसरा गुरुवार. 2006 मध्ये चेर्निव्त्सी शहरातल्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. 2014 पासून आणि विशेषतः 2022 च्या आक्रमणानंतर ‘हे आमचं आहे’ असं सांगणं त्या लोकांसाठी जगण्यामरण्याचा प्रश्न झालं. त्यामुळे तिथली टोपी महाग असली तरी विकत घेणाऱ्याला आपण कशाचे पैसे देतोय ते ठाऊक असतं. आपण नुसती त्यांची पद्धत उचलून ‘आजीचा वारसा’ असं लेबल लावलं तर ते पोकळ वाजणार.

वारसा दुसऱ्याने उचलला तर काय होतं, याची दोन उदाहरणं घेतली. पहिलं पोर्तुगालचं. 1534 पासून 1739 पर्यंत, चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत, वसई पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे आमच्या मुलांना त्या देशाचं नाव परकं नाही. तिथल्या पोव्होआ द वार्झिम गावच्या कोळ्यांचा पांढरा लोकरी स्वेटर असतो, त्यावर काळ्या-लाल धाग्याचं भरतकाम. 2021 मध्ये टोरी बर्च या अमेरिकन ब्रँडने तसाच स्वेटर मेक्सिकोवरून सुचला असं सांगून सातशे युरोंच्या आसपास विकायला काढला. गाव संतापलं, सरकार बोललं, ब्रँडने माफी मागितली. इथे पैशाआधी चीड आली ती गावाचं नावच पुसलं गेलं याची.

दुसरं आपल्या घरचं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरी चपला दिसल्या, पण कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ओरड झाल्यावर कंपनीने हे डिझाईन भारतीय कारागिरीवरून सुचल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, पण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीधारक नसल्याने ती जुलैमध्ये फेटाळली गेली. डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकार या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इथल्या कारागिरांकडून सुमारे 2000 जोड करून घ्यायचे, किंमत सुमारे 800 युरो. मुलांनी विचारलं, त्यातले कारागिराला किती? हा प्रश्न फळ्यावर तसाच राहू दिला. माझं मत विचाराल तर करार झाला हे चांगलंच, पण आधी आरडाओरडा करावा लागला हे विसरता येत नाही.

शेवटच्या तासाला आम्ही हिशेब मांडला. आकडे आमचे, गृहीत धरलेले. लोकरीच्या एका वस्तूला लोकर 200 रुपयांची, म्हणजे टाकून देण्याऐवजी मेंढपाळाला हातात काहीतरी. सूत कातायला 10 तास, विणायला 20 तास, तासाला 75 रुपये धरले तर 2,250. धुणं, लेबल, पिशवी मिळून 150. झाले 2,600. दुकानदार जवळपास तेवढंच वर चढवतो असं धरलं की 5,200. पोस्टरवरची 4,999 ही किंमत जास्त नव्हती, उलट कमी पडत होती! स्टेशनबाहेर दीडशेला मिळणाऱ्या मफलरशी तुलना केली की मग कळतं, तिथे तीस तासांचे पैसे कुणीच दिलेले नसतात. पालकांना विनंती, हा हिशेब घरी मुलांबरोबर भाजीच्या जुडीवर किंवा दारातल्या फुलांच्या हारावरही करून बघा.

एक गोष्ट मात्र हिशेबात बसली नाही. नमुन्यासाठी घरची जुनी घोंगडी कापून पिशवी करू, असं गटाने ठरवलं होतं. मुलाने गावी फोन लावला, मी स्पीकरवर ऐकत होते. आजी म्हणाल्या, “अगं बाई, बिरोबाची हाय ती. पांघरा, बसा तिच्यावर, पर कापू नगा.” वर्ग गप्प झाला. धंद्यासाठी नवीन विणून घ्यावी, देवाची ठेवावी, असं मुलांनीच मग ठरवलं. पोस्टरवरचं धनगराचं चित्र ठेवायचं का, यावर मात्र भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. तो मुलगा आता त्या गटात आहे. लेबलवर गावाचं नाव, कातणारीचं नाव आणि विणणाऱ्याचं नाव येणार, ब्रँडचं नाव सगळ्यात लहान अक्षरांत, असं त्याचं म्हणणं आहे. मुलींना ब्रँडचं नाव मोठं हवंय.

हा पाठ घ्यायचा तर चार तास धरा, पाचवा हाताशी ठेवा. कच्ची लोकर मिळाली तर मुलांकडून बादलीत धुऊन घ्या, पण ते पाणी शाळेच्या बेसिनमध्ये ओतू नका. केस अडकून आमचं बेसिन दोन दिवस तुंबलं होतं. झाडांना घाला.