बोटांनी वाचलेले शिरोळ

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमापासून जवळच, कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ हे तालुक्याचे गाव आहे. त्याचे नाव डोळस मुलगा पाटीवर पाहून वाचतो. अंध मुलीने ते कसे वाचावे? संगणक ते मोठ्याने वाचून दाखवील, हे खरे. परंतु त्यातील ‘शि’ ऱ्हस्व की दीर्घ, हे कानाला नेहमीच उमगत नाही. शुद्धलेखन नुसत्या कानांनी येत नाही. त्याला डोळे तरी हवेत, नाही तर बोटे.

बोटांची लिपी लुई ब्रेल याने तयार केली. त्याचा जन्म १८०९ साली फ्रान्समध्ये झाला. वडील खोगिरे करीत. लुई तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी, आपल्याकडील चांभाराच्या आरीसारखे हत्यार त्याच्या डोळ्यात शिरले आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. कातड्याला भोके पाडणाऱ्या हत्याराने ज्याची दृष्टी नेली, त्यानेच पुढे कागदावर उठवलेल्या टिंबांची लिपी रचली. तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ १९५१ साली स्वीकारण्यात आली, आणि २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल लिपीतील मराठी पाक्षिक निघाले.

ब्रेलच्या एका घरात सहा टिंबांना जागा असते. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. त्यांतील काही उठवायची, काही सपाट ठेवायची. ‘श’ म्हणजे १, ४, ६. ऱ्हस्व इकार २, ४ (दीर्घ असता तर ३, ५). ‘र’ म्हणजे १, २, ३, ५. ओकार १, ३, ५. आणि ‘ळ’ ४, ५, ६. पाटीवर ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी काढली जाते, ब्रेलमध्ये मात्र इकार ‘श’च्या नंतर येतो, जसा तो उच्चारात येतो.

संगणकाला टिंबे ठाऊक नाहीत, त्याला अंक ठाऊक. जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत आहे. तिच्यात १९९९ साली ब्रेलच्या घरांना क्रमांक मिळाले. युक्ती सोपी आहे. पहिल्या टिंबाची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, मग ८, १६, ३२. प्रत्येक टिंबाची किंमत आधीच्याच्या दुप्पट. उठलेल्या टिंबांच्या किमतींची बेरीज करून ती १०,२४० मध्ये मिळवायची. ‘श’ची बेरीज १ + ८ + ३२, म्हणजे ४१; म्हणून त्याचा क्रमांक १०,२८१. दुप्पट करण्याच्या या रीतीमुळे दोन निराळ्या घरांची बेरीज कधीही सारखी येत नाही. सहा टिंबांची ६४ घरे होतात. संगणकाच्या कामासाठी खाली आणखी दोन टिंबे जोडली, तेव्हा ती २५६ झाली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. हा क्रमांक टिंबांचा आहे, अक्षराचा नव्हे. १, २, ३, ४, ५ ही टिंबे मराठीत ‘क्ष’ होतात, इंग्रजीत ‘क्यू’. भाषा कोणती, हे यंत्राला सांगितले नाही तर पानभर मजकूर निरर्थक होईल. म्हणून मराठी मजकूर बहुधा देवनागरीच्याच क्रमांकांनी साठवतात. तेथे ‘श’चा क्रमांक २,३५८ आहे, आणि इकाराचा क्रमांक तेथेही ‘श’च्या नंतरच ठेवतात. एकच मजकूर डोळसांसाठी पडद्यावर उमटतो आणि वाचकाच्या गरजेप्रमाणे टिंबांत बदलतो.

हा बदल करून संगणक टिंबे एका पट्टीकडे पाठवतो. पट्टीवर बारीक खुंट्या वर येतात व खाली जातात. मुलगी बोट ठेवते: १, ४, ६ वर आहेत, ‘श’. बोट पुढे सरकते: २, ४. इकार ऱ्हस्व आहे.