मोती माती का उकरतो?

ठाण्याचा टेंभी नाका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तलावपाळीपासून जवळच असलेला हा चौक सदैव गजबजलेला असतो. आता तेथे उंच इमारती झाल्या आहेत. तरी असे समजा की, तेथील एका गल्लीत तुमचे जुने बैठे घर आहे. मागे लहानसे अंगण आहे. अंगणात तुळस, जास्वंद आणि गुलाबाची दोन झाडे आहेत. आणि घरात मोती नावाचा टेरियरच्या वळणाचा छोटा कुत्रा आहे.

एके दिवशी सकाळी पाहावे, तो तुळशीवृंदावनाशेजारी हातभर खड्डा! गुलाबाची मुळे उघडी पडलेली. आजी संतापून म्हणते, "महिनाभरात याची खोड गेली नाही, तर याला कोणाला तरी देऊन टाका."

आता मोतीला वाचवायचे कसे? हाती छडी घ्यावी काय? नाही. हाती वही घ्यावी!

खोड की काम?

लॅटिन भाषेत 'टेरा' म्हणजे भूमी. त्यावरून 'टेरियर' हे नाव पडले. इंग्लंडमधील शेतकरी आणि शिकारी बिळात लपलेले उंदीर, कोल्हे बाहेर काढण्यासाठी असे कुत्रे पाळत. जो कुत्रा चिकाटीने उकरी, त्याचीच पिल्ले ते पुढे वाढवीत. अशा निवडीतून पिढ्यानुपिढ्या हा गुण पक्का होत गेला. आज आपण जिला खोड म्हणतो, ती मोतीच्या पूर्वजांची नोकरी होती! म्हणून ती मारून मुटकून समूळ नाहीशी होणार नाही. तिला वळण मात्र लावता येते.

आधी निरीक्षण, मग उपाय

वहीत चार रकाने आखा : वेळ, जागा, उकरण्यापूर्वी काय घडले, उकरल्यावर मोतीला काय मिळाले. आठ दिवस नोंदी ठेवा. त्यांतून कारणे उलगडू लागतील.

भर दुपारी नळाजवळच्या ओल्या मातीत तो उकरून त्यात पोट टेकून बसत असेल, तर कारण उकाडा. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि गार जमीन शोधतो.

सायंकाळी गटाराच्या भिंतीलगत उकरत असेल, तर तेथे घुशीचे बीळ आहे का, ते पाहा. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. उंदरांचे काही आवाज या दोन मर्यादांच्या मध्ये पडतात. आपल्याला शांत वाटणारी जमीन मोतीच्या कानांना बोलकी असते!

गुलाबाच्या आळ्यात हाडांचे खत घातले असेल, तर त्याचा वास त्याला बोलावतो. सगळे बाहेर गेल्यावर उकरत असेल, तर कारण कंटाळा. टेंभी नाक्याच्या नवरात्रोत्सवात ढोलताशांच्या वेळी उकरत असेल, तर तो बहुधा भीतीने लपायला जागा करीत असेल.

पाहा, खड्डे सारखेच दिसतात. कारणे मात्र पाच!

मार का उपयोगी पडत नाही?

१८९८ साली अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना खटका असलेल्या पेटाऱ्यात ठेवले. खटका उघडला की बाहेर अन्न मिळे. आरंभी मांजरे वाटेल तशी धडपडत. पण पुढे पुढे त्यांना लागणारा वेळ कमी होत गेला. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे यातून दिसले.

पण कृती आणि परिणाम यांत फार अंतर नको. सकाळी केलेल्या खड्ड्याबद्दल संध्याकाळी मार दिला, तर मोती त्याचा संबंध खड्ड्याशी जोडणार नाही. त्या क्षणी समोर असलेल्या तुमच्याशी जोडील. "पण तो मान खाली घालतो, म्हणजे त्याला चूक कळते," असे कोणी म्हणेल. २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला आहे की नाही, याबद्दल मालकांना कधी खरे, तर कधी खोटे सांगण्यात आले. कुत्र्यांचा 'अपराधी' चेहरा चूक केल्यावर नव्हे, तर मालक रागावल्यावर अधिक दिसला. निरपराध कुत्रेही तसाच चेहरा करीत!

मोतीची स्वतःची जागा

आता उपाय पाहू. अंगणाच्या सावलीतल्या कोपऱ्यात तीन फूट लांब, तीन फूट रुंद जागेला विटांची कड करा. आत फूटभर रेती आणि भुसभुशीत माती भरा. मोतीच्या डोळ्यांदेखत त्याचा चेंडू किंवा भाकरीचा वाळका तुकडा वरच्या थरात पुरा. त्याने उकरले की लगेच, एकदोन सेकंदांच्या आत, "शाब्बास!" म्हणा. दुसरीकडे उकरू लागला, तर न ओरडता "चल" म्हणून त्याला या जागी आणा.

त्याबरोबर कारणेही दूर करा. उकाडा असेल, तर सावली आणि गार पाणी. कंटाळा असेल, तर सकाळ-संध्याकाळ फिरणे आणि खेळणे. हाडांच्या खताऐवजी पालापाचोळ्याचे खत. ढोल वाजत असतील, तेव्हा घरातला शांत कोपरा.

घुशीचा बंदोबस्त मात्र मोठ्यांनी पिंजरा लावून करावा. विषारी गोळ्या मोतीच्याही जिवावर बेततील. बीळ तसेच राहिले, तर शिकवण फुकट जाईल. कारण दहादा उकरून एकदाच घूस सापडली, तरी प्राणी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने सवय उलट चिवट होते, हे स्किनर या शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवले आहे.

आणखी एक सावधगिरी. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत येतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. म्हणून पावसाळ्यात पायाला जखम असताना अनवाणी मातीत जाऊ नका, मोतीला हाताळल्यावर हात धुवा आणि त्याला पशुवैद्यांकडून लस टोचून घ्या.

करून पाहा

नोंदी थांबवू नका. दर आठवड्याला तुळशीजवळचे खड्डे किती आणि रेतीतले किती, ते मोजून आलेख कागदावर दोन रेषा काढा. एक रेषा उतरू लागेल आणि दुसरी चढू लागेल, तेव्हा उपाय लागू पडला असे समजा. तसे झाले नाही, तर मोतीला दोष न देता पुन्हा वही उघडा; एखादे कारण नजरेतून सुटले असेल.

महिना संपला की तो आलेख आजीपुढे ठेवा. मोतीला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती तुम्ही मांडायची, आणि तीही पुराव्यानिशी!