जेवणातला जंतू चुंबकाने पकडतात तेव्हा

जयंतीच्या भोजनदानानंतर पाच-दहा जणांना जुलाब-उलट्या झाल्या की वस्तीत पहिले बोट स्वयंपाक करणाऱ्या बायांकडे जाते. दोष भाताचा, पाण्याचा की बाहेरून आणलेल्या पनीरचा, हे तपासल्याशिवाय ठरवू नये.

तपासणी अवघड असते. नमुन्यात घातक जंतू मोजके, निरुपद्रवी लाखोंनी. ई. कोलाय ओ१५७ हा जंतू तर शंभराहून कमी असला तरी आजारी पाडू शकतो. १९९६ साली जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून त्याने हजारो मुलांना गाठले.

तो शोधण्यासाठी नमुना पोषक द्रवात काही तास उबेत ठेवतात; जिवंत जंतू वाढतात. मग त्यात डोळ्यांना न दिसणारे चुंबकीय मणी सोडतात. मण्यांवर प्रतिपिंडे बसवलेली असतात. आपल्या रक्तात असतात तशीच ही प्रथिने, ठरावीक जंतूलाच धरणारी. साल्मोनेलासाठी मणी वेगळे. नळीला बाहेरून चुंबक लावला की मणी जंतूंसह कडेला गोळा होतात. उरलेला द्रव काढून टाकून मणी धुतात. तरीही एखादा परका जंतू चिकटतोच. म्हणून पकडलेले जंतू ताटलीत वाढवून खात्री करतात. अहवालाला काही दिवस लागतात ते यामुळे.

पण आपण पातेली घासून मोकळे झालो, तर प्रयोगशाळा काय तपासणार? उरलेला प्रत्येक पदार्थ स्वच्छ चमच्याने वेगळ्या, उकळून घेतलेल्या डब्यात काढा, फ्रिजमध्ये ठेवा, आरोग्य केंद्राला कळवा. आजाऱ्याला ओआरएस द्या. शौचातून रक्त पडत असेल तर मनाने अँटिबायोटिक देऊ नका. ओ१५७ असल्यास मूत्रपिंडाला धोका वाढू शकतो. थेट दवाखाना गाठा.