मुक्तस्रोत संगणक मंडळ : बैठकीच्या विषयांची निवड

कोणत्याही अभ्यासमंडळाचे आयुष्य त्याच्या बैठकीत निघणाऱ्या विषयांवर अवलंबून असते. गावातील वाचनालयात किंवा शाळेच्या संगणक-कक्षात महिन्यातून एकदा भरणाऱ्या मुक्तस्रोत संगणक मंडळासही हा नियम लागू आहे. पहिल्या बैठकीस जागा अपुरी पडते. पुढे उपस्थिती घटत जाते, आणि अखेरीस दोन-तीन जाणकार मंडळी एकमेकांशीच बोलत बसतात. अशा वेळी लोकांच्या अनास्थेस दोष दिला जातो. वस्तुतः विषय वक्त्याच्या आवडीनुसार ठरविले गेले, श्रोत्यांच्या अडचणींवरून नव्हे, हेच त्याचे मुख्य कारण असते. म्हणून विषयांची निवड कशी करावी, याचा येथे क्रमवार विचार केला आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस खुला असतो, आणि जी वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व तिच्या प्रती इतरांस देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, ती मुक्तस्रोत आज्ञावली होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून आजच्या अनेक मुक्त प्रणाली उभ्या राहिल्या. भारत सरकारनेही २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले.

प्रती देण्याची ही मुभा मंडळाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. बैठकीत शिकलेली आज्ञावली सभासदाने त्याच दिवशी घरी न्यावी, शेजाऱ्यास द्यावी, शाळेत बसवावी. त्यात कायद्याचा भंग होत नाही आणि खर्चही होत नाही. तेव्हा बैठकीचा विषयही असा असावा की, जो घरी नेता येईल.

आजची निकड

दोन गोष्टींमुळे हा विषय आज निकडीचा झाला आहे. पहिली गोष्ट संगणकांची. ‘विंडोज १०’ या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाला. तिच्यानंतरची ‘विंडोज ११’ प्रणाली ठराविक सुरक्षा-चिप व तुलनेने नवे प्रोसेसर यांच्यावाचून रीतसर बसत नाही. त्यामुळे शाळांतील व संस्थांतील सुस्थितीत असलेले अनेक संगणक केवळ प्रणालीअभावी भंगारात जाण्याचा संभव आहे. ‘लिनक्स मिंट’सारखी मुक्त प्रणाली दोन जीबी स्मृतीच्या यंत्रावरही चालू शकते, चार जीबी असल्यास काम अधिक सुलभ होते.

दुसरी गोष्ट मराठी मजकुराची. अनेक वर्षे इतिवृत्ते, स्मरणिका व प्रश्नपत्रिका जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित झाल्या. तो फाँट ज्या संगणकावर नाही, तेथे ती धारिका उघडल्यास रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह दिसतो. टंकलेखन करणारी व्यक्ती निवृत्त झाली किंवा जुना संगणक बंद पडला की गावाच्या वीस वर्षांच्या नोंदी असून नसल्यासारख्या होतात. ज्यांचे हे नुकसान होणार आहे, त्यांना मंडळाची गरज आहे. मात्र ‘लिनक्सचा परिचय’ अशा सर्वसामान्य विषयाची सूचना वाचून ते बैठकीस येणार नाहीत.

विषय कोठून मिळवावेत?

याबाबत एक जुने उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मार्च १९७५ मध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ हे हौशी मंडळ एका घराच्या गॅरेजमध्ये सुरू झाले. पुढे ली फेल्सेन्स्टाइन यांच्या सूत्रसंचालनाखाली त्याच्या सभांना विशिष्ट घडण आली. सभेच्या एका भागात उपस्थितांनी आपल्यापाशी काय आहे व आपणास काय हवे आहे, हे थोडक्यात सांगावयाचे. त्यानंतरच्या मोकळ्या वेळात ज्याला जे हवे त्याने ते देऊ शकणाऱ्यास गाठावयाचे. ही रीत आपल्याकडेही सहज अनुसरता येईल.

त्यासाठी मंडळाने एक साधी वही ठेवावी. बैठकीच्या प्रारंभीच्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाने एकच वाक्य सांगावे : मला अमुक काम अडते, किंवा मला अमुक काम येते. चिटणीसाने ते दोन रकान्यांत लिहून घ्यावे. जी अडचण तिघा-चौघांनी सांगितली, आणि जिचा जाणकार दुसऱ्या रकान्यात सापडला, ती पुढील बैठकीचा विषय होय. जाणकार न सापडल्यास अडचण वहीतून खोडू नये. दोघा सभासदांनी महिनाभर अभ्यास करून ती मांडण्याचे काम पत्करावे.

विषयाच्या चार कसोट्या

विषय नक्की करण्यापूर्वी पुढील चार प्रश्न विचारावेत.

१. ही अडचण कोणाची आहे? वहीतील निदान तीन सभासदांकडे बोट दाखविता आले पाहिजे.

२. दीड तासात हे काम हाताने करून पाहता येईल काय? केवळ ऐकण्याचा विषय असल्यास त्याचे क्षेत्र कमी करावे.

३. उपलब्ध साधनांवर ते शक्य आहे काय? इंटरनेट मंद असेल, तर लागणाऱ्या धारिका आधीच पेनड्राइव्हवर आणून ठेवाव्यात.

४. दुसऱ्या दिवशी घरी किंवा शाळेत कोणाच्याही मदतीशिवाय ते पुन्हा करता येईल काय?

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. जे काम जाणकारावाचून पुन्हा करता येत नाही, ते शिकविले गेले असे म्हणता येत नाही.

एक उदाहरण : जुन्या फाँटमधील मजकूर

समजा, वहीत ‘जुनी इतिवृत्ते उघडत नाहीत’ अशी नोंद आहे. या विषयाची मांडणी कशी करावी, ते पाहू.

प्रथम कारण समजावून द्यावे. जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षराच्या सांकेतिक क्रमांकावर देवनागरी आकृती बसविलेली असे. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ फाँटमधील ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने ‘एच, के, के, जे, आर’ अशी पाच रोमन अक्षरे असतो. फाँट काढून घेतला की ही अक्षरेच उरतात. १९९१ साली सिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ संकेतप्रणालीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागांचा विभाग मिळाला. त्यात प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणून युनिकोडमधील मजकूर फाँट बदलला तरी वाचता येतो.

त्यानंतर प्रात्यक्षिक घ्यावे. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतून एक पान काढून ते मुळाशी ताडून पाहावे. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचा क्रमही बदलतो. त्यामुळे चुका बहुधा वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांत सापडतात. व्यक्तींची नावे, सर्व्हे क्रमांक व रकमा दोघांनी मिळून तपासाव्यात आणि मूळ धारिका कधीही पुसून टाकू नये.

शिक्षकांसाठी याच बैठकीत एक उपयुक्त भाग जोडता येईल. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील भेद युनिकोडमध्ये जपलेला आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर साधा ‘र’ जे या कळीवर आहे. शिफ्टसह तीच कळ दाबल्यास ‘ऱ’ उमटतो. त्यास हलन्त व ‘य’ जोडला की ‘ऱ्य’ मिळते. एवढी लहानशी गोष्ट ज्यास समजली, तो पुढील बैठकीस एका सहकाऱ्यास घेऊन येईल.

सहा बैठकांचा नमुना

१. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकलेखन.

२. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे.

३. ‘लिबरऑफिस’मध्ये गुणपत्रक व संस्थेचा जमाखर्च.

४. राखीव प्रती ठेवण्याची शिस्त. हा विषय पावसाळ्यापूर्वी घ्यावा. विजेच्या लपंडावात यंत्रे बिघडतात.

५. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहणे. प्रणाली बसविण्याचा पर्याय न निवडल्यास संगणकातील मूळ मजकुरास धक्का लागत नाही, हे आधी सांगावे.

६. छापील पानाच्या छायाचित्रावरून ‘टेसरॅक्ट’ या मुक्त आज्ञावलीने मराठी मजकूर मिळविणे.

हा क्रम केवळ नमुना आहे. वहीत वेगळ्या गरजा असतील, तर तो खुशाल बदलावा. ग्रामसभेचा रविवार आणि चतुर्थीचे दिवस बैठकीसाठी टाळावेत, हे सांगणे न लगे.

काही पथ्ये

कोणती मुक्त प्रणाली श्रेष्ठ, या वादास बैठकीत वाव देऊ नये. त्यात वेळ जातो आणि नवागत बिचकतो. सलग दोन बैठकांस एकच वक्ता नसावा. कार्यालयाच्या किंवा शाळेच्या संगणकावर प्रमुखांच्या लेखी अनुमतीविना नवी प्रणाली बसवू नये, आणि नागरिकांची वैयक्तिक माहिती असलेली धारिका प्रात्यक्षिकासाठी आणू नये. जाणकार सभासदांनाही काही नवे मिळावे म्हणून वर्षातून एखादी बैठक त्यांच्या आवडीच्या विषयास द्यावी. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी अनेक ठिकाणी पाळला जाणारा ‘सॉफ्टवेअर मुक्ती दिन’ त्यास सोयीचा आहे.

मंडळाचे यश उपस्थितीच्या आकड्यावरून मोजू नये. वर्षाअखेर वहीतील किती अडचणी सुटल्या, आणि ज्याने अडचण सांगितली होती तोच किती वेळा पुढील वर्षी शिकविण्यास उभा राहिला, हे पाहावे. ज्या मंडळात विचारणारा सांगणारा होतो, ते मंडळ एखादा जाणकार गाव सोडून गेला तरी बंद पडत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील कोणत्या नोंदी जुन्या फाँटमध्ये आहेत? त्या कोणाच्या ताब्यात आहेत?

२. ‘इंटरनेटचा उपयोग’ हा विषय वरील चार कसोट्यांस उतरेल असा लहान कसा करता येईल?

३. आपल्या शाळेतील वापरात नसलेल्या संगणकांची यादी करा. त्यांपैकी कोणते मुक्त प्रणालीवर पुन्हा चालविता येतील?