आधी काय, मग काय?

याच महाविद्यालयातून गणित घेऊन मी बी. ए. झालो आणि एम. सी. ए.ला प्रवेश घेतला. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा झाला आहे. शेवटचे सत्र बहुधा प्रकल्पात जाते. वेळ किती तोकडा आहे, हे मला नापास झाल्यावर कळले.

दुसऱ्या सत्रात सगळ्यांनी घेतला म्हणून मीही मशीन लर्निंग हा ऐच्छिक विषय घेतला. संभाव्यताशास्त्राचा मात्र गंध नव्हता. विषय राहिला. विषय राहिलेल्यांना नोकरीच्या मुलाखतींना बसता येत नसल्याने पहिल्या यादीतून माझे नाव गळाले. घरी बाबांना हे सांगणे परीक्षेहून कठीण गेले.

पुढे अल्गोरिदमच्या तासाला आर्थर कान यांनी १९६२ साली मांडलेली एक रीत शिकलो. सर्व विषय कागदावर लिहावेत. जो विषय आधी यायला हवा, त्याच्यापासून पुढच्या विषयाकडे बाण काढावा. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो विषय प्रथम घ्यावा. मग तो आणि त्यातून निघणारे बाण खोडून पुन्हा तसेच करावे. सर्व विषय खोडून झाले, की अभ्यासाचा क्रम तयार होतो.

मी माझाच आराखडा काढून पाहिला. कॅल्क्युलस, संभाव्यता, सांख्यिकी, मशीन लर्निंग, प्रकल्प. कड्या पाच आणि सत्रे चार! कॅल्क्युलस बी. ए.लाच झाले होते, म्हणून उरलेल्या चार कड्या चार सत्रांत जेमतेम बसत होत्या. मी मात्र मधल्या दोन गाळून उडी मारली होती.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की प्रवेश घेण्यापूर्वीच शेवटच्या प्रकल्पापासून मागे येत बाण काढा आणि सर्वांत लांब साखळी मोजा. ती सत्रांत मावत नसेल, तर पहिली कडी तृतीय वर्षानंतरच्या सुट्टीतच उरका. वर्षातून एकदाच शिकवल्या जाणाऱ्या विषयापुढे सत्राचा आकडा लिहून ठेवा. अर्थशास्त्राच्या मित्रांनी सांख्यिकीचा पेपर निव्वळ गुणांपुरता मानू नये. तीही एक कडीच आहे.

माझा राहिलेला विषय आता सुटला आहे. या खेपेस मी पुस्तक उघडले ते आधी संभाव्यतेचे.