उसाची पात आणि बुबुळावरचं फूल

माझ्या उजव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरं फूल आहे. त्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस ओळखू येत नाही. उसाचं पाचट काढताना पात लागली, तिथून हे सुरू झालं. जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात असं फूल पडलेली माणसं मी बऱ्याच गावांत पाहिली आहेत. विचारलं की कुणी उसाच्या पातीचं नाव घेतं, कुणी बाजरीच्या कुसळाचं. पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला भात झोडताना उडालेल्या तुसाचं. शेतात काम करायचं म्हटल्यावर लागायचं ते लागणारच. पण लागल्यापासून फूल पडेपर्यंत मध्ये थोडा वेळ असतो आणि डोळा वाचतो तो तेवढ्याच वेळात. त्या वेळात काय करावं आणि काय मुळीच करू नये, हे सांगण्यासाठी लिहितो आहे.

पात लागली तेव्हा रक्त आलं नाही. डोळ्यातून पाणी वाहू लागलं, उजेड सहन होईना आणि पापणी मिटली की आत काहीतरी टोचायचं. आईनं पदराचा बोळा करून तोंडाच्या वाफेनं शेक दिला. आळीतल्या एका आजींनी मध घालायला सांगितला. बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानात गेलो, तर दुकानदारानं डोळा पाहून थेंबांची छोटी बाटली पुढे केली. म्हणाला, "अण्णा, हे टाका, दोन दिवसांत लाली जाईल."

लाली खरंच गेली. टोचणं कमी झालं, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आणि मग काही दिवसांनी बुबुळावर बाजरीच्या दाण्याएवढा पांढरट ठिपका दिसायला लागला. तो रोज पसरत गेला.

शेवटी डोळ्यांचा दवाखाना गाठला. नेत्रतज्ज्ञांनी पिवळ्या रंगाची कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवली आणि निळा उजेड मारला, तेव्हा जखमेची जागा हिरवी चमकली. मग भुलीचे थेंब टाकून बारीक पात्यानं जखम खरवडली. ती खरवड काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. निदान झालं बुरशीचं. "आधी कुठले थेंब टाकले?" त्यांनी विचारलं. बाटली दाखवली. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून त्यांनी ती बाजूला ठेवली. "हे स्टेरॉइड आहे. लाली यानंच गेली, आणि बुरशीलाही यानंच मोकळं रान मिळालं."

हे नीट समजून घ्यावं. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याच्या सर्वांत वरच्या थरावर नुसता ओरखडा उठला, तर तो थर एरवी एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतो. पण पात, काडी, कुसळ यांच्यावर आणि शेतातल्या मातीवर बुरशी असतेच. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस ही त्यातली दोन नावं डोळ्यांच्या दवाखान्यात नेहमी ऐकू येतात. ओरखड्यातून ती आत शिरली की हळूहळू मुळं धरते. सुरुवातीला दुखणं फार नसतं, म्हणून माणूस कामावर जात राहतो. शरीर तिच्याशी लढत असतं, त्या लढाईचीच ती लाली आणि सूज. स्टेरॉइड ही लढाई थांबवतं. डोळा पांढरा दिसतो, बरं वाटतं, आणि आत कॉर्निया कुजत जातो. जखम भरली तरी त्या जागी पांढरा वण राहतो. त्यालाच आपण फूल म्हणतो. तो वण बरोबर बाहुलीसमोर आला, तर दृष्टी गेलीच म्हणून समजा.

पुढचे उपचार माणसाला थकवून टाकतात. नॅटामायसिनचे थेंब दुधासारखे पांढरे असतात, औषध तळाशी बसतं, म्हणून दर वेळी बाटली हलवावी लागते. सुरुवातीला दर तासाला, रात्रीही. घरातली माणसं पाळीपाळीनं गजर लावून उठायची. किती आठवडे हे चाललं ते आठवलं तरी नको वाटतं. बुरशी आटोक्यात आली, डोळा जागेवर राहिला, फूलही राहिलं. ते काढायचं तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवावा लागतो, आणि त्यासाठी वाट पाहावी लागते.

हे टाळता येतं, आणि ते फार थोडक्यात टाळता येतं. याचा दाखला नेपाळमधला आहे. काठमांडूजवळच्या भक्तपूरमध्ये गावातल्याच आरोग्य स्वयंसेवकांना शिकवून ठेवलं होतं. शेतात कुणाच्या डोळ्याला लागलं की त्यांनी डोळा तपासायचा आणि ओरखडा असेल तर क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस, दिवसातून तीनदा घालायचं. २००१ साली हे काम प्रसिद्ध झालं. लागल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम सुरू झालं, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. उशीर करून आलेल्यांत मात्र काहींची चिघळली. म्हणजे प्रश्न मोठ्या हॉस्पिटलचा, महागड्या यंत्राचा नव्हताच. प्रश्न त्याच दिवशी पोहोचण्याचा होता. आपल्या आशाताईंच्या पेटीत असं मलम आणि त्याचं प्रशिक्षण का असू नये, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून, पात किंवा कुसळ लागलं तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुसळ रुतून बसलं असेल तर ते पदरानं, काडीनं किंवा जिभेनं काढू देऊ नका. आपल्याकडे जिभेनं कुसळ काढण्यात तरबेज आजी अजून आहेत, त्यांची माया मोठी, पण तोंडातले जंतू थेट जखमेत जातात. मध, गुलाबपाणी, एरंडेल, बाळंतिणीचं दूध, काही नको. घरात पडून राहिलेली जुनी बाटली तर हातातही घेऊ नका. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन यांपैकी काही लिहिलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वतः तपासून दिल्याशिवाय ते टाकायचं नाही. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाला वाचायला लावा. हेच थेंब खाज येते म्हणून महिनोन्‌महिने टाकले, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो.

चुन्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे दिवसाची नाही, मिनिटांची घाई असते. नारायणगावच्या पट्ट्यात द्राक्षबागांना बोर्डो फवारतात. ते मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. चुना डोळ्यात गेला तर तो आत आत उतरत जातो. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबता दाबता फुटते आणि लहान मुलांचे डोळे जातात. अशा वेळी गाडी शोधू नका, आधी पाणी शोधा. नळाखाली, हौदावर, कळशीनं, जमेल तसं अर्धा तास डोळा उघडा ठेवून धुवा, पापणीखाली अडकलेले कण निघतील असं बघा आणि मगच दवाखान्याकडे निघा.

बाकीच्या आजारांविषयी थोडक्यात. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही, आणि तो पिकेपर्यंत थांबण्याचे दिवस गेले. कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करून घ्यावी. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही. तो कडेची नजर गुपचूप खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्यावा, आईवडिलांना किंवा भावंडांना असेल तर दर वर्षी. शुगर असलेल्यांनी नजर स्वच्छ असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला, मागचा पडदा तपासून घ्यावा. पडद्यावरचं नुकसान कळू लागतं, तेव्हा बरंच होऊन गेलेलं असतं. आणि मूल तिरळं बघत असेल तर "मोठं झाल्यावर जाईल" म्हणून थांबू नये, तो डोळा मेंदू वापरेनासा होतो.

आपण याबाबतीत पोरके नाही. नारायणगावला डॉ. मनोहर डोळे यांनी उभं केलेलं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांत आणि आदिवासी वाड्यांवर जाऊन त्यांनी डोळ्यांची सेवा केली, आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, घोडेगाव आणि जुन्नरला ग्रामीण रुग्णालयं आहेत. मोठं काही निघालं तर पुणे फार दूर नाही. एवढं जवळ असूनही माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो, कारण तिथे रांग नाही आणि दिवसाची मजुरी बुडत नाही. हे मला कळतं. पण एका मजुरीपायी डोळा देण्याचा सौदा कुणी करू नये.

दिवाळीच्या सुमारास विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि तोडणीच्या टोळ्या फडात उतरतात. बीड, अहिल्यानगरकडून आलेली ही माणसं पहाटेच्या अंधारात पातींत शिरतात, मुलंही फडाच्या कडेला खेळत असतात. लागलं तर दाखवायचं कुठे, हेही त्यांना ठाऊक नसतं. कारखान्यांच्या शेतकी खात्याला, मुकादमांना आणि आपला ऊस तोडून घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला माझी हात जोडून विनंती आहे : टोळी फडात उतरण्याआधी टोळीतल्या प्रत्येकाला एक साधा पारदर्शक गॉगल द्या, आणि कुणाच्या डोळ्याला लागलं तर त्याच दिवशी त्याला आपल्या गाडीवर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.