सेन्सर मागवण्याआधी

बाबू, इन्स्ट्रुमेंटला लागलास ना, मग कॅटलॉग उघडण्याआधी लाइनपाशी जाऊन उभा राहा. आत वाफ आहे की लगदा, किती तापतं, दाब एका जागी राहतो की धडधडतो, एवढं बघितलंस की निम्मी निवड झाली. विकणारा आधी अचूकता सांगेल, शून्य पूर्णांक शून्य काहीतरी टक्के. ऊर्जानगरच्या मे महिन्यात आणि राखेत ती किती उरते, हे त्याला विचार.

आपल्या थर्मल पॉवर स्टेशनच्या बॉयलर ड्रमवर दीडशे किलोच्या वर दाब असतो. (चौरस सेंटिमीटरला, पण फ्लोअरवर सगळे नुसतं किलोच म्हणतात.) तिथे धातूचा डायफ्राम असलेला, स्ट्रेन गेजचा किंवा सिलिकॉनचा ट्रान्समीटर घे. वाफ मात्र त्याला थेट लागू देऊ नको. ट्रान्समीटर टॅपिंगच्या खाली बसव, म्हणजे टॅपिंगपासून त्याच्यापर्यंत येणाऱ्या बारीक नळीत, इंपल्स लाइनमध्ये, वाफेचं पाणी होऊन साचतं आणि तेच त्याला वाचवतं. या पाण्याचं वजनही मोजलं जातं बरं. ट्रान्समीटर दहा मीटर खाली असेल तर एक किलो फुकटचा वाढतो. ड्रमवर तो खपून जाईल, पाच किलोच्या लाइनवर नाही. तेवढा शून्य सरकवून घ्यायचा.

त्याच बॉयलरच्या भट्टीत ड्राफ्ट मोजायचा तर सगळा हिशेब बदलतो. तिथे हवेपेक्षा जेमतेम पाच-दहा मिलिमीटर पाण्याइतका दाब कमी असतो. कमी रेंजचा कपॅसिटिव्ह डीपी, म्हणजे दोन दाबांतला फरक मोजणाराच लागतो. इकडच्या कोळशात राख भारी, टॅपिंग बुजतं. ड्राफ्टचा आकडा नेहमी जरा हलता असतो. तो गुपचूप बसलेला दिसला की टॅपिंगला हवेचा पर्ज मार.

कंडेन्सरला गेज प्रकारचा सेन्सर लावू नको, तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो; ॲब्सोल्यूट लाव. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा विदर्भावर आला की बाहेरची हवाच आठ-दहा मिलिबार उतरते. कंडेन्सरमध्ये शंभरच्या आसपास मिलिबार. म्हणजे ढगांमुळे तुझं व्हॅक्यूम बिघडलेलं दिसणार आणि शिफ्टवाले गळती शोधत फिरणार.

बल्लारपूरला पेपर मिलमध्ये गेलास तर बारीक इंपल्स लाइन विसर. लगद्याचे तंतू ती दोन दिवसांत बंद करतात. सपाट डायफ्राम सील घे, ट्रान्समीटर डायजेस्टरच्या उष्णतेपासून दूर ठेवायचा असेल तर तेल भरलेल्या कॅपिलरीसकट. आत कॉस्टिक असतं, म्हणून डायफ्रामचा धातू कोणता, तो या तापमानाला टिकतो का, हे लेखी घे. कॅपिलरी लागेल तेवढीच, आणि सावलीतून ने. उन्हाने आतलं तेल फुगतं, शून्य सरकतो. डीपी असेल तर दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या.

पिझोइलेक्ट्रिक कोणी गळ्यात मारायला बघेल. झटके, स्फोट, इंजिनाचे ठोके मोजायला तो उत्तम. स्थिर दाबाला त्याचा विद्युतभार हळूहळू गळून जातो, टाकी भरलेली असून तो शून्याकडे येतो.

वैनगंगेच्या काठी पंपिंगला पाण्यात बुडवायचा सेन्सर घेतलास तर केबलमधल्या हवेच्या नळीकडे लक्ष ठेव. पावसाळ्यात त्यात ओल साचते. टोकाला सिलिका जेलची डबी लाव, रंग बदलला की बदल.

सिग्नल चार-ते-वीस मिलिअँपिअरचाच. चार म्हणजे शून्य दाब, साडेतीनच्या खाली गेला म्हणजे वायर किंवा सेन्सर गेला. शून्यापासून सुरू होणाऱ्या सिग्नलला हे कळतच नाही.

पंप जिथे थरथरतो तिथे साधा बोर्डन गेजही ग्लिसरीन भरलेलाच माग, आणि रोजचा दाब डायलच्या मध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत राहील अशी रेंज निवड. इलेक्ट्रॉनिक ट्रान्समीटरच्या शेजारी एक तरी असा गेज ठेवच. वीज गेली तरी तो बोलतो.

भामरागड, एटापल्लीकडच्या साइटला माल जाणार असेल तर प्रत्येक जागेला वेगळी रेंज मागवू नको. ज्यांची रेंज जागेवर बदलता येते असे एकाच जातीचे ट्रान्समीटर घे, दोन जास्तीचे स्टोअरला, आणि ते जूनच्या आधी पोचव. पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडे कुरिअर जात नाही.